मिनिटरावांची शिसपेन्सिल

पासावर तारखा भरण्याचं काम मिनिटरावांनी जेवणाच्या टेबलावर, चांगल्या उजेडात, बारीक टोक केलेल्या शिसपेन्सिलीने उरकलं, आणि सहलीतला अवघड भाग तिथेच संपला असं त्यांना वाटलं. तीन पास होते. एक त्यांचा, एक बायकोचा, एक मेहुण्याचा. परदेशातल्या रेल्वेचा हा सर्वांत स्वस्त प्रकार. पंधरा दिवसांत कुठल्याही पाच दिवशी हवं तितकं फिरा, फक्त ज्या दिवशी फिरायचं त्या दिवसाची तारीख आपली आपण चौकोनात लिहायची. गाड्या मात्र रडतखडत जाणाऱ्या.

"शाईने लिहा की," बायको म्हणाली. ती तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. हजेरीपटावर पेन्सिल टेकवणारा माणूस तिच्या लेखी जवळजवळ गुन्हेगारच होता.

"अगं, आधी पेन्सिल, मग शाई. पद्धत असते."

"मग शाई कधी?"

"साहेबांची सही झाली की."

"इथे साहेब कोण?"

"बत्तीस वर्षं रेल्वेत काढली आहेत मी," मिनिटराव म्हणाले. "मला गाडीत बसायला शिकवू नकोस."

बत्तीस वर्षं काढली होती हे खरं. पण ती गाडीत नव्हे, वेळापत्रक विभागात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसऱ्या टेबलाशी. वेळापत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ज्या तळटिपा असतात, 'रविवार सोडून', 'फक्त शाळेच्या दिवसांत', 'या स्थानकावर उतरण्यापुरती थांबते', त्या लिहिण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. गाडी चुकलेल्या प्रवाशांची तक्रारपत्रं त्यांच्याच टेबलावर येत आणि सगळ्यांना एकच उत्तर जाई: 'तळटीप पाहावी.' "लोक वाचत नाहीत हो," असं ते दर पत्रामागे म्हणत. घरीदारी ते सव्वा, साडे, पाऊण असलं काही बोलत नसत. चहा सहा वाजून बारा मिनिटांनी आणि आंघोळ सहा एकतीसला. म्हणून मिनिटराव. हे नाव ऑफिसातल्या शिपायाने ठेवलं होतं आणि साहेबांपर्यंत पोहोचलं होतं.

सहल मात्र बायकोची होती. लग्न झालं त्या वर्षी रेडिओवर तिने एका परदेशी बाईंचं व्हायोलिन ऐकलं. मिनिटराव तेव्हा वार्षिक वेळापत्रकाच्या गडबडीत, घरी उशिरा येत. नव्या घरात, नव्या माणसांत, दुपारच्या वेळी त्या व्हायोलिनने तिला सोबत केली होती. पुढे तिने बाईंच्या कॅसेटी जमवल्या, मग सीड्या, मग फोनवर ऐकायला शिकली. आता त्या बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि तिकडच्या उन्हाळी संगीत महोत्सवात शेवटचं वाजवून थांबणार असं त्यांनी जाहीर केलं होतं. शनिवार, संध्याकाळी पाच. बायकोने आयुष्यात मिनिटरावांकडे फारसं काही मागितलं नव्हतं. हे मागितलं.

"नेतो," मिनिटराव म्हणाले. "आणि एकही गाडी न चुकवता नेतो."

*

शनिवारी सकाळी परदेशातल्या त्या स्वस्त लॉजमधून निघताना सगळं मिनिटाला मिनिट जुळलं. नऊ पन्नासची गाडी आली, ती नऊ पन्नासलाच. मिनिटरावांनी घड्याळाकडे पाहून अशी मान डोलावली, की जणू त्यांनीच ती आणली होती.

"ताई, माझं पेन दे ना," मेहुणा म्हणाला. "सकाळी नेलंस ते." बायकोचा हा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवत असे. बहिणीसोबत कुणीतरी हवं म्हणून आणि स्वतःलाही दुकानातून सुट्टी हवी म्हणून तो आला होता. प्रवासात दिसेल त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा त्याने नेम धरला होता.

"पर्समध्ये आहे, तळाला. मग देते," बायको म्हणाली आणि कानात हेडफोन घालून व्हायोलिन ऐकत बसली.

गाडी प्रत्येक झाडापाशी थांबत चालली होती. दुपारी बारा पन्नासला मिनिटराव हात धुवायला म्हणून डब्याच्या टोकाला गेले. परत फिरतात तो समोर तपासनीस बाई उभ्या. तरुण, हसतमुख, गणवेश कडक इस्त्रीचा. मिनिटरावांनी वरच्या खिशातून पास काढून दिला. खिशात पासाशेजारी शिसपेन्सिल होती आणि पेन्सिलीच्या शेजारी, कागदात गुंडाळलेला, खोडरबर. पासाबरोबर तोही बाहेर आला आणि बाईंच्या बुटापाशी पडला.

बाईंनी पास पाहिला. मग वाकून खोडरबर उचलला. मग पुन्हा पास पाहिला.

"पेन्सिल?" त्या म्हणाल्या. दोघांनाही अर्धीमुर्धी येणाऱ्या एका तिसऱ्या भाषेत हा संवाद चालला होता, पण हा शब्द दोघांनाही पक्का येत होता.

"पद्धत आहे," मिनिटराव म्हणाले. "आधी पेन्सिल."

"हो, ही पद्धत आम्हाला माहीत आहे," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "पेन्सिलीने लिहायचं. तपासायला कुणी आलं नाही, तर संध्याकाळी खोडायचं. तोच दिवस उद्या पुन्हा वापरायचा. खोडरबर सोबतच असतो."

मिनिटरावांच्या पायाखालची जमीन सरकली. गाडीही तेवढ्यात वळणावर गेली, त्यामुळे ती खरोखरच सरकली. हात धुण्यासाठी मागे तीन माणसं उभी होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"अहो, मी... तसा माणूस नाही," ते म्हणाले. पुढे 'मी रेल्वेतलाच आहे' हे वाक्य ओठांवर आलं होतं, पण ते बाहेर येईना. बत्तीस वर्षं रेल्वेचं मीठ खाल्लेला माणूस रेल्वेला फसवताना सापडला, असा त्याचा अर्थ झाला असता. त्यापेक्षा साधा चोर बरा.

बाईंनी पास स्वतःच्या पाकिटात ठेवला, खोडरबर परत दिला, एक चिठ्ठी फाडून दिली आणि पाठीमागच्या भिंतीवरल्या फोनवरून पुढच्या स्टेशनाला काहीतरी कळवलं. "पुढच्या स्टेशनवर उतरा. पास तिथल्या ऑफिसात देते. फॉर्म भरा, समजावून सांगा, परत मिळेल. तुम्ही एकटेच आहात?"

खरं बोलण्याची ही चांगली संधी होती. पण तिन्ही पास त्यांनी एकाच बैठकीत, एकाच पेन्सिलीने भरले होते. आता ह्या बाई त्यांच्या पाठोपाठ डब्यात जाणार, बायकोपुढे उभ्या राहणार आणि सगळ्यांदेखत तोच प्रश्न विचारणार. बायको चोर! जिने शाळेतला उरलेला खडूसुद्धा कधी घरी आणला नाही!

"एकटाच," मिनिटराव म्हणाले.

"ठीक. मी तोवर पलीकडचा डबा तपासते. मग तुमच्या डब्यात येते."

*

"उतरा, उतरा, उतरा!"

मेहुणा उकडलेलं अंडं सोलत होता. बायकोने कानातून एक हेडफोन काढला. "आलं? इतक्यात? पोहोचायला दोन पंचवीस होतील म्हणाला होतात."

"हा मधला थांबा. ठरलेला."

"मला नाही सांगितलात."

"सरप्राइज!" मिनिटराव म्हणाले. हा शब्द त्यांनी बत्तीस वर्षांत उच्चारला नव्हता. बायकोने त्यांच्याकडे जरा टक लावून पाहिलं, पण तेवढ्यात त्यांनी दोन बॅगा दारापर्यंत ओढत नेल्या होत्या.

एक वाजून चार मिनिटांनी तिघं फलाटावर उभे होते. गार्डाच्या डब्याच्या दारातून तपासनीस बाईंनी स्टेशनातल्या माणसाच्या हातात एक पाकीट दिलं. गाडी हलली. गार्डाचा डबा पुढून गेला तेव्हा बाई दारातच होत्या. त्यांनी मिनिटरावांना पाहिलं. मग त्यांच्या बाजूच्या बायकोला, अंडं धरलेल्या मेहुण्याला आणि तीन बॅगांना पाहिलं. त्यांनी हसून हात हलवला. मिनिटरावांनीही हलवला. न हलवून करतात काय?

"भावोजी, ओळखीच्या?"

"आपल्याच खात्यातल्या," मिनिटराव म्हणाले. हे त्यांचं त्या दुपारचं पहिलं खरं वाक्य, आणि ते बोलतानाच त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

स्टेशन म्हणजे एक बाक, एक घड्याळ, कुंड्यांत लाल फुलं आणि ऑफिसचं बंद दार. पाकीट घेतलेला माणूस दार आतून लावून जेवायला बसला होता. दारावर पाटी: दोन तीसला उघडेल. मिनिटरावांनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. महोत्सवाच्या गावाला पुढची गाडी दोन चाळीस, चार वाजता पोहोचणारी. त्यानंतरची पाच वीस. म्हणजे दोन तीस ते दोन चाळीस या दहा मिनिटांत फॉर्म भरायचा, पास सोडवायचा, आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही. दहा मिनिटं म्हणजे तशी पुष्कळ झाली, त्यांनी मनाची समजूत घातली.

"बरं, काय बघायचंय इथे?" बायकोने विचारलं.

"बघायचंय ना. पुलावरून. चला."

पुलावरून एक गोदाम दिसत होतं. लांबच लांब, राखी पत्र्याचं, खिडकी नसलेलं. त्याच्या पलीकडे आणखी एक गोदाम होतं.

बायको पाहत राहिली. "हे?"

"शांतता बघ किती आहे!"

मेहुण्याने फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'भावोजींचं सरप्राइज.' मिनिटभरात उत्तरं यायला लागली. तो मोठ्याने वाचू लागला. "माझी बायको विचारतेय, 'एवढ्या लांब जाऊन गोदाम?' मावशी म्हणतेय, 'छान. ऊन लागू देऊ नका.' आणि काका विचारताहेत, 'कशाचं आहे?' भावोजी, कशाचं आहे?"

"धान्याचं असेल."

"काका म्हणताहेत, 'नक्की?'"

एक खोटं सांभाळायला दुसरं नेमलं की दुसऱ्याला सोबत म्हणून तिसरं लागतं. मिनिटरावांकडे आता चांगली चार-पाच जमली होती. पण खरी काळजी वेगळीच होती. त्यांचा पास सुटेलही, पण ह्या दोघांच्या पासांवरची पेन्सिल तशीच राहणार. पुढच्या गाडीत पुन्हा कुणी तपासायला आलं तर? ते दोन पास हळूच मिळवून त्यांवर शाई फिरवली की प्रश्न मिटला.

"तुझं पेन दे रे जरा," ते मेहुण्याला म्हणाले.

"ताईकडे आहे. सकाळपासून मागतोय."

"अगं, पेन दे. आणि तुमचे दोघांचे पासही दे. एक नोंद करायची आहे."

"कसली?"

"अशीच. खात्याची."

"काही नको," बायकोने पर्सची चेन ओढून घट्ट केली. "माझ्या पर्सला तुमची खाती नकोत. मुक्कामाला पोहोचल्यावर देईन."

मिनिटरावांनी हात मागे घेतला. जास्त ओढून धरलं तर ती कारण विचारणार, आणि कारण म्हणजेच तर सगळं दुखणं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. ते बाकावर जाऊन बसले आणि घड्याळाकडे पाहू लागले. त्या घड्याळाला सेकंदकाटाही होता.

*

दोन तीसला दार उघडलं. "मी जरा तोंड धुऊन येतो," असं सांगून मिनिटराव आत सटकले.

स्टेशनमास्तर जाडजूड मिशांचे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. त्यांनी पाकिटातून पास काढला, उजेडात धरला आणि तोंडातल्या तोंडात हसले. मग तीन प्रतींचा फॉर्म पुढे सरकवला. प्रत्येक प्रतीला चार पानं. प्रत्येक पानावर आजची तारीख आणि सही. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत: शाईने भरावे.

पेन मास्तरांनी दिलं. मिनिटराव भराभर लिहू लागले. नाव, वय, पत्ता. आणि मग आला रकाना: व्यवसाय. तिथे त्यांचा हात थांबला. 'निवृत्त' एवढंच लिहून ते पुढे जाणार होते.

"कुठून निवृत्त?" मास्तरांनी रकान्यावर बोट ठेवलं. "पूर्ण लिहा. अपुरा फॉर्म चालत नाही."

मिनिटरावांनी पूर्ण लिहिलं. इतक्या बारीक अक्षरांत, की त्यांच्या तळटिपाही त्यापुढे पाट्या वाटल्या असत्या. मास्तरांनी चष्मा लावला.

"रेल्वे? तुम्ही रेल्वेतले?" त्यांनी उठून मिनिटरावांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "म्हणजे आपल्यातलेच! कुठलं खातं?"

"वेळापत्रक," मिनिटराव पुटपुटले.

"वेळापत्रकात काय?"

"तळटिपा."

मास्तरांनी पास उलटा केला, मिनिटरावांपुढे ठेवला आणि तळाशी नख टेकवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत तिथे लिहिलं होतं: तारीख शाईनेच लिहावी, पेन्सिलीने लिहिलेला पास बाद समजला जाईल.

मास्तर हसले नाहीत. ते हसते तर बरं झालं असतं. त्यांनी नजर खाली वळवली, जशी आपण लग्नघरी एखाद्याचं धोतर सुटलं की वळवतो. मिनिटरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान तापले आणि नजर त्या मुंग्यांवर खिळून राहिली. अगदी त्यांच्याच धाटणीचं वाक्य होतं ते. मधला स्वल्पविरामसुद्धा.

"काळजी नको," मास्तर हळूच म्हणाले. "मी शिफारस लिहितो. फक्त वरच्या ऑफिसातून फोनवर होकार यावा लागतो. साहेब चार वाजता जागेवर येतात."

"चार? पण दोन चाळीसची गाडी..."

"साहेबांच्या सहीशिवाय नाही देता येत," मास्तर म्हणाले. "तुम्हाला तर माहीतच आहे. पद्धत असते."

*

बाहेर येईपर्यंत दोन सदतीस झाले होते. रूळ वाजू लागले होते. बायको बॅगेपाशी उभी होती, केस विंचरलेले, हेडफोन आवरून ठेवलेले, हातात महोत्सवाची तीन तिकिटं. मेहुणा शेवटचं अंडं खात होता.

"आली बघा गाडी," ती म्हणाली.

"ही नव्हे आपली," मिनिटराव म्हणाले. तोंडाला सवयच लागली होती.

"पाटीवर तर गावाचं नाव आहे."

"आहे, पण... ती तिथे थांबत नाही. तळटीप आहे."

"मी वाचली तळटीप," बायको म्हणाली. "तुम्ही तोंड धूत होतात तेव्हा. 'शनिवारी महोत्सवाच्या मैदानापर्यंत जाईल' असं लिहिलंय. पुढची पाच वीसला आहे. ती पोहोचेपर्यंत तिकडे बाईंचं वाजवून व्हायचं." तिने हातातली तिकिटं पुढे धरली. "अहो, काय झालंय? एक वाजल्यापासून तुमचा चेहरा उतरलाय. मला ते व्हायोलिन ऐकायचंय हो. एवढंच तर मागितलं."

गाडी फलाटाला लागली. मिनिटरावांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमीन सिमेंटची होती, आणि गाडी एकच मिनिट थांबणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मिनिट अपुरं वाटलं.

"आपण बिनतिकीट आहोत," ते म्हणाले.

"काय?"

"पेन्सिल चालत नाही. मला गाडीत पकडलं. माझा पास जप्त झाला. त्या बाई तुमच्याकडे येण्याआधी तुम्हाला उतरवलं. सरप्राइज वगैरे काही नव्हतं. तुमचेही पास पेन्सिलीनेच भरलेत मी. बाद आहेत. आपलं जाणं होत नाही. तुझी संध्याकाळ मी घालवली." एका दमात एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

बायकोने पर्सची चेन उघडली. तळातून दोन पास काढले आणि त्यांच्या नाकासमोर धरले. चौकोनात निळ्या शाईत, शाळेतल्या वळणदार अक्षरांत, आजची तारीख होती. पेन्सिलीवरून अशी बेतशीर गिरवलेली, की खालची रेघसुद्धा दिसू नये.

"सकाळी गिरवले," ती म्हणाली. "ह्याचं पेन घेऊन. दोघांचे."

"आणि माझा?"

"तुमचा तुमच्या खिशात. तुम्हाला सांगितलं होतं मी. टेबलाशी. तुम्ही काय म्हणालात?"

काय म्हणाले होते ते मिनिटरावांना शब्दन्‌शब्द आठवलं.

"म्हणजे आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो असतो तरी चाललं असतं?" मेहुण्याने विचारलं. त्याला गोष्टी उशिराच कळत, पण कळल्या की मोठ्याने कळत. "म्हणजे आपण ते गोदाम उगीच पाहिलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेही गोदामावरून. गार्डाने शिट्टी फुंकली.

"चढ रे तू," बायको भावाला म्हणाली आणि स्वतः आधी चढली. दारात उभी राहून तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत एखादा हुशार मुलगा सोपं गणित चुकला की बघावं तसं. "बॅगा तुमच्याकडे राहू द्या. तुमचं झालं की या." आणि मग तिसरं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. तेवढ्यात दार बंद झालं.

*

त्यानंतरचे दोन तास चाळीस मिनिटं मिनिटराव तीन बॅगा, एक बाक आणि स्वतःची लाज एवढ्यांच्या सोबतीने बसून होते.

पकडलो गेलो याचं त्यांना आता तितकंसं वाटत नव्हतं. खुपत होतं ते दुसरंच. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. 'माझा पास अडकलाय, तुम्ही पुढे व्हा.' घड्याळ लावून सांगायचं तर तीन सेकंद. ते वाक्य वाचवण्यासाठी त्यांनी बायकोला गोदाम दाखवलं, आणि गाडी जेमतेम चुकता चुकता राहिली.

मग त्यांना एक जुनं पत्र आठवलं. कुणा एका माणसाने लिहिलं होतं, की गाडी रविवारी नसते हे कळलं नाही म्हणून तो सख्ख्या बहिणीच्या लग्नाला पोहोचू शकला नाही. पत्र लांबलचक होतं. शेवटी कुठलीच मागणी नव्हती, नुसतंच सांगितलं होतं. त्याला त्यांनी उत्तर पाठवलं होतं: 'तळटीप पाहावी.' त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी ते पत्र टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. त्या माणसाचं नावसुद्धा आता आठवत नव्हतं, नाहीतर त्यांनी इथूनच त्याला लिहिलं असतं. शाईने.

चार वाजून नऊ मिनिटांनी होकार आला. मास्तरांनी पासावरच्या बाकीच्या चार पेन्सिलीच्या तारखा मिनिटरावांच्याच खोडरबराने खोडल्या, आजच्या तारखेवर स्वतः शाई फिरवली, शिक्का मारला आणि दारापर्यंत पोहोचवायला आले.

"आमच्या टिपा फार बारीक छापतात," ते समजुतीने म्हणाले.

"नाही हो," मिनिटराव म्हणाले. "लोक वाचत नाहीत."

*

महोत्सवाच्या मैदानात ते तीन बॅगा ओढत पोहोचले तेव्हा सहा सत्तेचाळीस झाले होते. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. व्यासपीठावर पुढच्या वादकांसाठी खुर्च्या मांडणं चाललं होतं आणि हजारो माणसं हिरवळीवर गटागटाने बसली होती. बायको एका झाडाखाली चपला काढून बसली होती. डोळे रडलेले होते, पण चेहरा असा, की मिनिटरावांनी तो फार वर्षांत पाहिला नव्हता.

"तुमच्या जागेवर मी माझी टोपी ठेवली होती, भावोजी," मेहुणा म्हणाला. "टोपीला फार आवडलं."

मिनिटराव बॅगेवरच बसले. "कसं झालं?" त्यांनी बायकोला विचारलं. खरं तर विचारायचाही धीर होत नव्हता.

"छान." तिने डोळे पुसले. "मध्येच एका ठिकाणी बाई चुकल्या. मला कळलं. बाकी कुणाला कळलंही नसतं, तसंच पुढे नेता आलं असतं. पण त्या थांबल्या. व्हायोलिन खाली घेतलं, 'चुकलं' म्हणाल्या आणि पहिल्यापासून वाजवलं. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सगळ्या कार्यक्रमात तेवढ्या पडल्या नाहीत."

मिनिटराव हिरवळीकडे बघत राहिले. बायकोने टोमणा मारला नव्हता. तिने फक्त कार्यक्रमात काय झालं ते सांगितलं होतं. त्यामुळे ते जास्तच लागलं.

थोड्या वेळाने तिने पर्समधून पेन काढून पुढे केलं. "परवाच्या परतीची तारीख आत्ताच भरा. शाईने. माझ्यासमोर."

मिनिटरावांनी पास मांडीवर ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, कुणाच्याही सहीशिवाय, आधी पेन्सिल न फिरवता, त्यांनी थेट शाईने लिहिलं. नीट, ठसठशीत. मग त्याकडे पाहिलं. दुपारी बारा पानांवर जी तारीख लिहून हाताला वळण पडलं होतं, तीच चौकोनात उतरली होती. आजची.

मेहुण्याने वाकून पाहिलं. चष्म्याच्या धंद्यातला माणूस. त्याने पास उलटा करून तळाशी डोळे नेले. "भावोजी, इथे आणखी एक आहे. 'खाडाखोड केलेला पास बाद समजला जाईल.'"

मिनिटरावांचा हात सवयीने खिशातल्या खोडरबराकडे गेला. तोंडात वाक्यही तयार होतं, की ही मुद्दामच लिहिली आहे, पद्धत असते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि उठून उभे राहिले.

"चुकलं," ते म्हणाले. आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "माझं चुकलं. सकाळपासून."

बायको क्षणभर बघत राहिली. मग तिने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मेहुण्यानेही वाजवल्या. आजूबाजूला बसलेल्या परदेशी मंडळींना वाटलं, कुणीतरी काहीतरी सादर केलं असावं. तेही टाळ्या वाजवू लागले. टाळ्या पसरत पसरत पार व्यासपीठापर्यंत गेल्या. मिनिटराव लाजेने लालबुंद होऊन मधोमध उभे होते, आणि बसायचं कधी हे त्यांना कुठल्याच वेळापत्रकात सापडत नव्हतं.